चित्राआधी संशोधन किती करायचं? (पानशेत, तीन वह्या आणि शून्य चित्रं)

ओलीभिंत

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी चित्रकार आहे. पुण्यात मैत्रिणीच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन ट्यूबलाइट, एक बेसिन आणि जुनी मारुती उभी असायची तिथला तेलाचा डाग. दीड वर्षापूर्वी ठरवलं की पानशेतच्या पुरावर चित्रमालिका करायची. १२ जुलै १९६१, धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तो. आमचं घर तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. माझा जन्म त्यानंतर अठरा वर्षांनी झाला, तरी आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकतर 'पुराआधी' घडलेली असते नाहीतर 'पुरानंतर'. आजीची पैठणी पुराआधीची, आजोबांचा दमा पुरानंतरचा.

तर मी रीतसर अभ्यासाला बसले. त्या महिन्यातली वर्तमानपत्रं वाचली, चौकशी आयोगाबद्दल मिळेल ते वाचलं, जुने नकाशे जमवले. आमच्या जुन्या गल्लीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या १४ माणसांशी बोलले. प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न विचारला : "घर सोडलंत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?" त्याचा तक्ता केला. तो तक्ताही जुळत नाही, पण ते रडगाणं नंतर.

आज माझ्याकडे तीन भरलेल्या वह्या, बावीस तासांची रेकॉर्डिंग आणि शून्य चित्रं आहेत. खरं तर दोन केली होती. छपरावरची माणसं, वाहत चाललेली भांडी, मागे पूल. बातमीला रंग दिल्यासारखी दिसत होती. भिंतीकडे तोंड करून ठेवलीत.

संशोधन कुठे थांबवायचं? आणि मुळात त्यातून चित्र निघतं कसं? इथे लिहिणारे, शिल्पकार, फोटोग्राफर बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

---

रिकामटेकडा

पहिला!

पानशेत आणि पुणेकर एका धाग्यात. प्रतिसादांची शंभरी नक्की. खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

---

पेठकरीण

ताई, रागावू नका, पण दीड वर्ष ज्याला तुम्ही संशोधन म्हणताय त्याला आमच्यात चालढकल म्हणतात. मी स्वतः तीन वर्षं एका कादंबरीचं 'संशोधन' केलं आहे, त्यामुळे ओळखते. वाचत असलं की काम चालू आहे असं वाटतं आणि कोरा कागद समोर येत नाही. वह्या कपाटात ठेवा, किल्ली नवऱ्याकडे द्या, आणि एक महिना नुसतं रंगवा.

बाकी 'पुराआधी-पुरानंतर' अगदी अगदी. आमच्याकडे पितळेचा एक बंब होता, त्याच्या तळाच्या सांध्यातला गाळ निघालाच नाही. आई दर दिवाळीला चिंच लावून घासायची आणि दर दिवाळीला म्हणायची, "पानशेत काही सुटत नाही बाई."

---

कुंचलेकर

मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत सत्तरच्या दशकात शिकलो, नंतर पस्तीस वर्षं जाहिरातीत काढली. आता पुन्हा रंगवतो. थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या वेळी 'संशोधन' हा शब्दच नव्हता. शब्द होता 'स्टडी'. सकाळी हेड स्टडी, दुपारी ड्रेपरी (कापडाच्या घड्या), रविवारी लोकल पकडून भायखळ्याला नाहीतर ससून डॉकला. कोळणी बोलायच्या, आम्ही काढत असायचो. चित्रकार धुरंधरांपासून चालत आलेली सवय ती : हातात स्केचबुक असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पाहणं हाच अभ्यास आणि तो हातानेच व्हायचा.

त्याही मागे जा. शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला आणि भिंतींच्या नकला करून घेत राहिला. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. पण ज्या पोरांनी त्या केल्या त्यांच्या हातात ती रेषा उतरली असणारच, ती थोडीच जळणार! नक्कल करताना समजतं की खांद्याची रेषा कुठून उचलली आहे आणि कुठे सोडून दिली आहे. शंभर पुस्तकं वाचून ते कळत नाही.

आता काय झालं आहे की आधी दोन पानी 'आर्टिस्ट स्टेटमेंट' येतं, त्यात 'स्मृती', 'विस्थापन', 'अवकाश' हे तीन शब्द येतात, आणि मग भिंतीवर एक मळकट कापड टांगलेलं असतं. मागे एका प्रदर्शनात मजकूर वाचून इतका दमलो की चित्र पाहायचं राहून गेलं.

बाई, तुमच्या वह्यांमध्ये रेखाटनं किती आहेत? एवढंच सांगा.

---

गोगलगाय

कुंचलेकरकाकांना दंडवत. मळकट कापडाला +१.

---

ओलीभिंत

@कुंचलेकर : मोजली. तीन वह्यांत मिळून नऊ. त्यातले चार नकाशे आहेत. लाज वाटली.

---

लेस्टरचा_पाटील

इंग्लंडमध्ये एका कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकवतो. इथे कलेत पीएचडी करणाऱ्यांची रांग आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. इथले कला-अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एक वाटणी करून दिली : कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन. इथले विद्यार्थी ती जपमाळेसारखी म्हणतात. ओलीभिंत, तुम्ही दीड वर्ष फक्त तिसरं केलंय, सामान जमवलंय. दुसरं, म्हणजे चित्र करता करताच शोधणं, सुरूच झालेलं नाही.

पण वाटणी राहू दे. तुमच्या कामाला एक उदाहरण फार जवळचं आहे, तेही आपत्तीचंच. १८१६ मध्ये मेड्युझ नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. दीडशेच्या आसपास माणसं एका तराफ्यावर सोडून दिली गेली. तेरा दिवसांनी पंधरा जिवंत सापडली. मधल्या दिवसांत मारामारी, वेड, माणसाचं मांस खाणं, सगळं झालं. जेरिको नावाच्या पंचविशीतल्या चित्रकाराने हा विषय घेतला. वाचलेल्यांपैकी कोरेआर आणि साविन्यी या दोघांना भेटला, तराफा बांधणाऱ्या सुतारालाच शोधून त्याच्याकडून छोटा तराफा करून घेतला, शवागारात जाऊन प्रेतांचे रंग पाहिले, कापलेले अवयव समोर ठेवून रंगवले. डोकं भादरून स्वतःला कोंडून घेतलं.

आता गंमत पाहा. बंडाळी, मांस खाणं, सुटका, या सगळ्या प्रसंगांची रेखाटनं त्याने केली आणि सगळी बाजूला ठेवली. १८१९ मध्ये जे सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद चित्र लोकांपुढे आलं त्यात यातलं काहीही नाही. त्यात आहे क्षितिजावर दिसलेलं गव्हाएवढं जहाज आणि त्याच्याकडे बघून फडकी हलवणारी माणसं. बरं, ती माणसंही हाडकुळी नाहीत, चांगली पिळदार आहेत! तेरा दिवसांचा उपासमारीचा पुरावा हाताशी असून त्याने तो वापरला नाही.

माझ्या मते कुठल्या क्षणावर थांबायचं हे त्याला संशोधनाने सांगितलं. चित्रात काय भरायचं ते सांगितलं नाही.

---

कुंचलेकर

पाटील, उदाहरण उत्तम. पण म्हणजे त्याने आधी सगळे प्रसंग काढले, आणि मग टाकले. माझं म्हणणं तेच आहे. बाईंनी काढलेच नाहीत तर टाकणार काय?

---

लेस्टरचा_पाटील

मान्य. शंभर टक्के.

---

रिकामटेकडा

धाग्यावर दोन माणसांचं एकमत झालं. तारीख लिहून ठेवा.

---

कुडाळदेशी

एक वेगळा मुद्दा. थोडा कडू आहे, पण लिहितो.

मी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीजवळचा. आमच्याकडे ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकेका कथेची एकेक पोथी, चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, रात्री वीणा, टाळ, हुडूक घेऊन पान उलटत कथा सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. त्याआधीही संशोधन करणारे येतच होते आणि आताही येतात. चांगलेही असतात, खोटं कशाला बोला. पण माझ्या ओळखीच्या एका घरी एक शहरी कलाकार आठ दिवस राहिला, रोज जेवला, पोथीच्या पानापानाचे फोटो काढले. पुढे त्या आकृत्या त्याच्या कॅनव्हासवर आल्या, 'लोककलेतून प्रेरित' म्हणून. घरच्यांना ते कळलं ते कुणीतरी फोनवर दाखवलं तेव्हा. आमच्याकडे म्हणतत, "इलो, बघलो, गेलो."

ओलीभिंतताई, तुम्ही १४ माणसांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस रेकॉर्ड करून नेला आहे. त्यांना परत काय दाखवलंत? दीड वर्ष झालं म्हणता.

---

पेठकरीण

कुडाळदेशी, हे वाचून मी माझा वरचा 'नुसतं रंगवा' सल्ला थोडा मागे घेते.

---

ओलीभिंत

@कुडाळदेशी : काहीच नाही दाखवलं. दोघं तर मधल्या काळात गेलेही. तुमचं वाक्य वाचून काल दिवसभर काही सुचलं नाही.

एक सांगते. १४ मध्ये एक आजी आहेत, त्यांनी रेकॉर्डिंग करूच दिलं नाही. "बंद कर ते," म्हणाल्या. मग कपाटातून एक अल्बम काढून माझ्या मांडीवर ठेवला. काळ्या पानांचा, पुरातून वाचलेला. आतले फोटो एकमेकांना चिकटून वडी झाली आहे. वरच्या एका फोटोत लग्नाचा मांडव दिसतो, आणि नवरीच्या तोंडाच्या जागी शेजारच्या फोटोतली खिडकी चिकटून आली आहे. आजी म्हणाल्या, "ही मी." बस. पुढे काही बोलल्या नाहीत. वहीत त्या दिवशी मी फक्त 'अल्बम, खराब अवस्था' एवढंच लिहिलं होतं.

---

दगडफूल

अल्बमवरून लॉग-इन केलं. मी कागद आणि फोटोंच्या जतनाचं काम करते.

आधी महत्त्वाचं : ती वडी कुणालाही कोरडी सोलू देऊ नका. नखाने, ब्लेडने, कशानेच नाही. त्या काळच्या काळ्यापांढऱ्या फोटोत प्रतिमा कागदावर नसते, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असते. जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं, सरकतं. दोन फोटो तोंडाला तोंड लावून वाळले की दोन्ही थर एक होतात. कोरडे ओढलेत तर प्रतिमा कागदावरून उखडून येते. आजींची हरकत नसेल तर जाणकाराकडे न्या. काही वेळा थंड स्वच्छ पाण्यात हळूहळू सुटतात, काही वेळा नाही सुटत.

आता चित्रकाराला आवडेल अशी गोष्ट. हे जिलेटिन म्हणजे दुसरं काही नाही, जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला शुद्ध सरस. तुम्ही लोक टेम्परात रंग बांधायला वापरता त्याचाच गोरागोमटा भाऊ. आजींचा चेहरा ज्याने कागदाला धरून ठेवला होता आणि पुरात ज्याने सोडला, तो तुमच्या बेसिनखालच्या डब्यात असेल.

---

कुंचलेकर

दगडफूल, टोपी काढतो. पन्नास वर्षं सरस उकळतोय, हे डोक्यात आलं नव्हतं.

---

सुगरणबाई

उकळू नका हो, त्याची पकड जाते! रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवायचा. आमचे सासरे सुतार होते. घरात सरस चढला की तो वास तीन दिवस आमटीलासुद्धा यायचा.

---

कुंचलेकर

बरोबर. 'उकळतोय' हे बोलायची पद्धत झाली. वासाबद्दल मात्र सहमत. आमच्या होस्टेलवर त्यावरून मारामारी झाली आहे.

---

गोगलगाय

रंग म्हणून मुठेचं पाणीच का वापरत नाही? आजकाल रोज नवीन शेड असते. आणि फुकट.

---

रिकामटेकडा

फेससुद्धा येतो. टेक्श्चर!

---

दगडफूल

हसा, पण शहरातल्या नदीचा गाळ उघड्या हाताने घेऊ नका, त्यात सांडपाणी असतं. गाळच हवा असेल तर मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी ओसरतं तेव्हा काठ उघडा पडतो, तिथला घ्या. पाण्यात कालवा, जाड कण बसू द्या, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, ते नितळू द्या. असं चारपाच वेळा. शेवटी तळाशी जे साय आल्यासारखं बसतं तो तुमचा रंग. मलमलीतून गाळून खलात घोटा. आणि बुरशीसाठी सरसात लवंगतेलाचे दोन थेंब.

---

निवृत्त_पाटबंधारे

धागा उशिरा पाहिला. नोकरी धरणांवर झाली, चित्रातलं मला काही कळत नाही. पण मूळ लेखात एक वाक्य आहे, "तक्ता जुळत नाही". ते सगळे विसरले. काय जुळत नाही?

---

ओलीभिंत

@निवृत्त_पाटबंधारे : एकाच गल्लीतली, एकाच बाजूची चार घरं. एक जण म्हणतात पाणी घोट्यापर्यंत, एक मांडीपर्यंत, एक बाई छातीला हात लावून दाखवतात, आणि एक काका म्हणतात "उंबरा नुकता ओलांडला होता". मी चौघांची सरासरी काढून नकाशावर लिहिली.

---

निवृत्त_पाटबंधारे

सरासरी! अहो बाई.

पाणी पातळी सोडत नाही. चार घरांच्या अंतरात कमरेएवढा फरक पडत नाही, मग नदी कितीही माजलेली असो. फरक वेळेचा आहे. आंबी नदीवरचं पानशेत मातीचं धरण, पुरतं बांधूनही झालं नव्हतं. ते सकाळी फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि ते जुनं दगडी धरणही गेलं. शहरात पाणी चढत गेलं, एकदम भिंत येऊन आदळली असं झालं नाही. जो आधी निघाला त्याला घोटाभर दिसलं, जो देव-देव करत मागे राहिला त्याला छातीभर. तुम्ही 'कुठवर' विचारलंत, 'कधी' विचारलं नाहीत. वेळेशिवायच्या पातळीला आमच्या खात्यात काडीची किंमत नव्हती.

---

पेठकरीण

थांबा थांबा. छातीला हात लावून दाखवणाऱ्या बाई. त्यांचं वय तेव्हा किती?

---

ओलीभिंत

सहा.

---

पेठकरीण

मग झालं की! ती बाई आज सत्तर वर्षांची आहे, आणि पाणी दाखवताना आजच्या छातीवर हात ठेवते. तेव्हा सहा वर्षांच्या पोरीची छाती म्हणजे मोठ्या माणसाची मांडी. शेजारच्या काकांची मांडी आणि हिची छाती हे एकच पाणी आहे, ओलीभिंत!

---

लेस्टरचा_पाटील

पेठकरीण, अंगावर काटा आला.

---

कुडाळदेशी

ह्याका म्हणतत बघणा. त्यांच्या अंगावर ते पाणी अजून तेवढंच आहे. ती बाई वाढली, पाणीही तिच्याबरोबर वाढलं.

---

ओलीभिंत

मी ही 'माहितीतली चूक' म्हणून वहीत लाल पेनाने गोल करून ठेवली होती. जवळजवळ सगळ्यांनी अंगावर हात ठेवूनच दाखवलं होतं. एकानेही फुटात सांगितलं नाही. आत्ता रेकॉर्डिंग पुन्हा ऐकतेय. सगळीकडे एकच शब्द आहे, "इथपर्यंत". आवाजात 'इथ' म्हणजे कुठे ते कळत नाही. ते फक्त मी पाहिलंय.

जाते. काम आहे.

---

खडूफळा

कलाशिक्षक आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं घडवतो. ओलीभिंत गेल्या आहेत तोवर एक सवय सांगतो, उपयोग झाला तर झाला. वही उघडली की डावं पान वाचलेल्या-ऐकलेल्याला, उजवं पान फक्त हाताला. उजव्या पानावर एकही शब्द लिहायचा नाही. रेघ, डाग, रंगाची पट्टी, चिकटवलेला गाळ, काहीही चालेल. डावी पानं भरत चालली आणि उजवी कोरी राहिली की समजायचं गाडी कुठे अडली आहे. चित्रकार प्रभाकर बरवे आयुष्यभर वह्या लिहीत आणि चितारत राहिले, त्यांत शब्द आणि आकार शेजारी नांदतात. पण ते बरवे. आपण सुरुवातीला दोघांना वेगळ्या पानांवर बसवलेलं बरं.

---

चष्मिष्ट

सगळे संशोधनाची एवढी आरती करताहेत म्हणून वाकडं लावतो. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा क्ष-किरण, उरलेल्या वेळात चित्रं. त्यांनी कुठल्या दप्तरखान्यात बसून ठाणे-मुंबईची माणसं शोधली? रोज बघितली. रोज त्या रस्त्यावर राहणं हा अभ्यास नाही का?

उलट, राजा रविवर्मांचा अभ्यास बघा. १८८८ मध्ये सयाजीरावांनी पौराणिक विषयांवरची १४ चित्रं सांगितली. ते धाकट्या भावाला घेऊन देशभर हिंडले. हेतू हा की पुराणकाळातली माणसं काय नेसत असतील याचा सगळ्या देशाला चालेल असा काही पुरावा मिळावा. तसा मिळाला नाही. शेवटी नायिकांना साडी नेसवली. म्हणजे एवढा प्रवास फुकट!

---

लेस्टरचा_पाटील

फुकट कसा? पुरावा नाही हे हिंडून पाहिल्यावर त्यांनी स्वतः निर्णय घेतला, आणि तो इतका पटला की आज तुमच्याआमच्या देवघरातली लक्ष्मी साडीच नेसते.

---

चष्मिष्ट

तोच माझा आक्षेप आहे. चूक एवढी सुंदर रंगवली की पुढच्या पिढ्यांना दुसरं काही सुचेना.

---

सुगरणबाई

लक्ष्मीला मग काय नेसवणार होतात चष्मिष्टभाऊ? नवा धागा काढा त्यासाठी.

---

रिकामटेकडा

नकोच. तो धागा संपादक उडवतील.

---

कुंचलेकर

ओलीभिंत कुठे गेल्या? पावसाळा संपला.

---

ओलीभिंत

(पाच महिन्यांनी)

आहे, आहे. उशिराबद्दल माफी.

आधी जे बिघडलं ते. गाळ खडकवासल्याहून आणला, दगडफूल यांनी सांगितला तसा नितळला. चार बादल्यांतून शेवटी एक ताटली रंग निघाला, ओल्या सुपारीसारखा. सरसात कालवून हातकागदावर जाड लावला. दुसऱ्या दिवशी कागद पापडासारखा वळला आणि थर खपली धरून पडला. मग सरस कमी केला, तर हात लावला की बोटाला माती. मग पुन्हा वाढवला आणि पातळ हात दिले, एकावर एक सात. ते टिकलं. जुलैत मात्र लवंगतेल विसरले आणि तीन कागदांना पांढरी बुरशी आली. त्यातला एक ठेवलाय, कारण बुरशी नेमकी पाण्याच्या रेषेवर थांबली आहे, का ते मला कळलेलं नाही. हे सगळं उजव्या पानांवर आहे, खडूफळासर.

आता काम. उभे कागद आहेत, माणसाच्या उंचीचे. सध्या हयात असलेल्या बारा जणांचे बारा. प्रत्येकाकडे गुंडाळी घेऊन पुन्हा गेले, भिंतीला लावली, त्यांना बाजूला उभं केलं आणि म्हटलं, "इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, परत दाखवा." त्यांनी हात ठेवला तिथे पेन्सिलीने खूण केली. खुणेच्या खाली गाळाचे सात हात. खुणेच्या वर काहीही नाही, कोरा कागद. छपरं नाहीत, भांडी नाहीत, पूल नाही. गेलेल्या दोघांचे कागद पूर्ण कोरे ठेवलेत, कारण त्यांचं 'इथ' मी लिहून घेतलं होतं 'कमरेपर्यंत' असं, पण कुणाच्या कमरेपर्यंत ते आता कोण सांगणार?

कुडाळदेशी, पहिल्यांदा हे कुठल्या गॅलरीत लागलं नाही. त्याच गल्लीतल्या एका वाड्याच्या ओसरीवर एक रविवार टांगलं. आजूबाजूला नव्या बिल्डिंगी झाल्यात, हा एक वाडा उरलाय. माणसं आली, आपापला कागद ओळखला, दुसऱ्याच्या कागदाशेजारी उभी राहून भांडली. दोन काकांमध्ये आधी कोण निघालं यावरून साठ वर्षांचा वाद पुन्हा पेटला. वह्यांच्या नकलाही त्यांच्याकडे ठेवल्यात.

अल्बमवाल्या आजीही आल्या होत्या. त्यांचा अल्बम दगडफूल यांनी सुचवलेल्या ठिकाणी गेलाय, चार फोटो सुटलेत, नवरी नाही सुटली. आजी स्वतःच्या कागदासमोर बराच वेळ उभ्या होत्या. गाळाच्या कडेवरून बोट फिरवलं (मी हात लावू दिला). मग म्हणाल्या, "एवढं कमी नव्हतं गं."

मी त्यांनी दाखवली त्याच जागी खूण केली होती.

---

कुंचलेकर

फोटो टाका बाई. बाकी नंतर बोलू.

---

पेठकरीण

ओसरीचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचा बंब घेऊन येते, त्याला पण दाखवते.

---

निवृत्त_पाटबंधारे

छान. पण त्या आजी किती वाजता निघाल्या होत्या, ते विचारलंत का?

---

ओलीभिंत

राहिलं. उद्या जाते.